खिवा सोडा, बुखाऱ्यात एक रात्र वाढवा

मागच्या अंकात उझबेकिस्तानबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की ताश्कंद, समरकंद, बुखारा हे सगळं रेल्वेने मस्त होतं, गाडी-ड्रायव्हर सांगायची काही गरज नाही. एवढंच. त्यावर एवढी पत्रं आली की ह्या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय. बरेच प्रश्न सारखे होते ते एकात घातलेत, कुणाचं पत्र आखूड झालं असेल तर रागावू नका.

प्रश्न : ताई, आम्ही दोघंच नवरा-बायको, वय ६३ आणि ५९. सप्टेंबरअखेर विमान धरून आठ दिवस मिळतायत. ताश्कंद, समरकंद, शहरीसब्ज, बुखारा आणि खिवा एवढं बसवायचंय. मिस्टरांचं म्हणणं टूरवाले बसवतात तर आपल्याला का नाही जमणार. माझे गुडघे दुखतात हेही सांगून ठेवते. – नाशिक

बसतं हो, कागदावर सगळंच बसतं. टूरवाले बसवतात कारण ते तुम्हाला पहाटे पाचला उठवतात आणि तुम्ही पैसे भरलेले असतात म्हणून उठता. स्वतःच्या ट्रिपला स्वतःला पहाटे पाचला कोण उठवणार, तेही रोज?

आधी नकाशा डोळ्यापुढे आणा. ताश्कंद पूर्वेकडे, तिथून लाईन नैर्ऋत्येला उतरत समरकंदला येते, तशीच पश्चिमेला पुढे बुखारा. ही तीन गावं एकाच दोरीत ओवलेली आहेत आणि त्या दोरीवर अफ्रोसियोब नावाची फास्ट ट्रेन धावते, स्पेनच्या टाल्गो कंपनीने बनवलेली, २०११ मध्ये समरकंदपर्यंत सुरू झाली आणि २०१६ ला बुखाऱ्यापर्यंत वाढवली. टॉप स्पीड ताशी २५० किमी. ताश्कंद-समरकंद रुळावरून साधारण साडेतीनशे किमी आहे, ते सव्वादोन तासांच्या आसपास होतं, आपली डेक्कन क्वीन १९२ किमीला तीन तासांच्या वर घेते म्हणजे बघा (डेक्कन क्वीनवर माझं प्रेम आहे, पण हिशोब हिशोब आहे). समरकंद ते बुखारा अजून दीड-पावणेदोन तास. खिवा मात्र ह्या दोरीवर असून नसल्यासारखं. बुखाऱ्याच्याही पुढे साधारण साडेचारशे किमी, मधे किझिलकुम वाळवंट, खिव्यापर्यंत रेल्वे गेली तीच मुळी २०१८ च्या शेवटी. साध्या गाडीने बुखारा-खिवा जवळजवळ अख्खा दिवस जातो, आणि खिव्याहून ताश्कंदला परत यायचं तर रात्रभराची गाडी नाहीतर जवळच्या उर्गेंचहून विमान. म्हणजे खिवा एक दिवस बघायचं तर दोन-अडीच दिवस खर्ची. दहा-अकरा दिवस असतील तर जरूर जा, इचन-कला हे तटबंदीच्या आतलं गाव फार देखणं आहे आणि देशातलं पहिलं युनेस्कोचं ठिकाण तेच, १९९० चं. आठ दिवसांत नको.

शहरीसब्ज पण सोडा. तैमूर तिथे जवळपास जन्मला, त्याने बांधलेल्या आक-सराय महालाच्या कमानीचे दोन प्रचंड बुंधे उरलेत, बघण्यासारखे आहेत, पण समरकंदहून डोंगर ओलांडून टॅक्सीने जाऊन-येऊन दिवस संपतो आणि घाटाची वळणं आहेत.

मग प्लॅन असा करा. पहिला दिवस उतरणं, ताश्कंदला झोप. दुसऱ्या दिवशी सकाळची अफ्रोसियोब पकडून थेट बुखारा, म्हणजे सगळ्यात लांबचं आधी. चार तासांच्या आत पोचता. तिथे तीन रात्री. मग उलट फिरून समरकंद, दोन रात्री, मग ताश्कंद एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी घरी. लोक नेमकं उलटं करतात, आधी समरकंद मग बुखारा, आणि मग शेवटच्या दिवशी बुखारा ते ताश्कंद विमानतळ अशी धावपळ करत बसतात, त्यात गाडीचं तिकीट मिळालं नाही की धाबं दणाणतं. लांबचं आधी केलं की रोज आपण घराच्या जवळ जवळ येत जातो, शेवटी काही चुकलंच तरी समरकंद-ताश्कंद गाड्या भरपूर आहेत.

बुखाऱ्यात तीन रात्री का, समरकंदला दोनच का, हे पण सांगते. समरकंदच्या इमारती अवाढव्य, एकमेकींपासून सुट्या, मधे मोठे रस्ते, बागा. रेगिस्तान चौकात पहिल्यांदा उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही हे खरं, तीन बाजूंनी तीन मदरसे, डावीकडचा उलुगबेगचा १४२० चा, समोरासमोरचा शेर-दोर त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी, मधला तिल्ला-कारी १६६० चा आणि त्याच्या आत सोन्याचं काम. पण दोन दिवस झाले की बघून होतं. बुखारा तसं नाही. तिथे जुनं गाव अजून गाव आहे, सगळं चालत, आणि संध्याकाळी लबी-हौज ह्या जुन्या हौदाच्या काठावर तुतीच्या जुन्या झाडांखाली बसलं की उठवत नाही. आणि गुडघेवाल्यांना बुखारा बरं, जमीन सपाट. समरकंदला शाह-ए-झिंदा ह्या जुन्या कबरींच्या जागी जायचं तर सुरुवातीलाच उंच पायऱ्या आहेत, मी मधे दोनदा थांबले होते, लाज वाटायचं कारण नाही, तिथल्या आज्या पण थांबतात. जाताना आणि येताना पायऱ्या सारख्याच मोजल्या तर इच्छा पुरी होते म्हणतात, त्या निमित्ताने हळू चढता येतं.

अजून एक गुडघ्यांसाठी. अफ्रोसियोबच्या डब्याची जमीन खाली असते, चढायला सोपी. जुन्या रशियन पद्धतीच्या गाड्यांना प्लॅटफॉर्म बुटका आणि डब्याला लोखंडी शिडीसारख्या उभ्या पायऱ्या, बॅग घेऊन चढताना जीव जातो.

प्रश्न : तिकीट काढायला ऑनलाईन गेलो तर बुखारा सापडेचना! शिवाय अफ्रोसियोब फुल्ल दाखवतंय. एजंटकडून काढू का? – ठाणे

बुखारा सापडेना कारण तुम्ही एच शोधताय. उझबेक भाषा आता रोमन लिपीत लिहितात आणि त्यात एक्स म्हणजे ख. त्यामुळे बुखारा बी, यू, एक्स अशी सुरू होते आणि खिवा तर सरळ एक्सनेच. समरकंदला क च्या जागी क्यू. आणि ताश्कंदचं त्यांच्याकडे तोश्केंत. एकदा हे कळलं की सगळे बोर्ड वाचता येतात, मला तर शाळेत नवी लिपी शिकल्यासारखी मजा वाटली.

तिकीट उझबेक रेल्वेच्या स्वतःच्या साईटवर किंवा अ‍ॅपवर काढा, प्रवासाच्या महिना-दीड महिना आधी विक्री सुरू होते आणि अफ्रोसियोबची, त्यातही सकाळची, एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भराभर जाते. म्हणून क्रम असा ठेवा, आधी रेल्वे मग हॉटेल. आपण उलटं करतो, हॉटेल बुक करून मोकळे होतो आणि मग तारखेला गाडी नसते. २१ मार्चला नवरोज असतो, त्याच्या आगेमागे सगळा देशच प्रवासाला निघालेला असतो, ते दिवस टाळता आले तर टाळा. फुल्ल असेल तर त्याच मार्गावर शार्क नावाची दुसरी गाडी आहे, हळू जाते पण वाईट बिलकुल नाही, तिच्याबद्दल खाली लिहिलंय.

नाव पासपोर्टवर आहे तस्सं टाका, आडनाव कुठल्या रकान्यात, नाव कुठल्या ते दोनदा बघा. त्यांच्याकडे रशियन पद्धतीने वडिलांचं नाव मधे लावायची चाल आहे, आपल्या मराठी लोकांना ते लगेच समजतं, पण पासपोर्टशी जुळणं महत्त्वाचं. स्टेशनात शिरतानाच पासपोर्ट आणि तिकीट बघतात, सामान मशीनमधून जातं, सोडायला आलेल्या मंडळींना आत सहजी घेत नाहीत, आपल्यासारखं सगळं खानदान प्लॅटफॉर्मवर हा प्रकार नाही. अर्धा-पाऊण तास आधी पोचा. गाडी वेळेवर सुटते, म्हणजे अगदी वेळेवर.

एजंटबद्दल माझा अनुभव सांगते मग तुम्हीच ठरवा. पहिल्या वेळी आम्ही खिव्याला गेलो होतो, रात्रीच्या गाडीचं तिकीट एका एजंटकडून काढलं. त्याने तिकीट बरोबर पाठवलं पण मेसेजमध्ये लिहिलं "ताश्कंद स्टेशन, रात्री". आता ताश्कंदला स्टेशनं दोन आहेत, एक शिमोली म्हणजे उत्तरेचं, अफ्रोसियोब तिथून सुटते, आणि एक जनुबी, दक्षिणेचं. आम्ही टॅक्सीवाल्याला नुसतं "वोकझाल" (म्हणजे स्टेशन) म्हणालो, त्याने उत्तरेला नेऊन सोडलं. दारावरच्या बाईंनी तिकिटावर बोट ठेवून "जनुबी, जनुबी" असं दोनदा म्हटलं तेव्हा आमचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. पन्नास मिनिटं हातात होती, दुसरी टॅक्सी केली, मिस्टर पूर्ण वेळ घड्याळाकडे आणि मी पूर्ण वेळ मिस्टरांकडे बघत. गाडी मिळाली. तर एजंट असो नाहीतर स्वतः काढा, तिकिटावरचं स्टेशनचं नाव मोठ्याने वाचा.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या, कट्टर शाकाहारी, कांदा-लसूण चालतं पण अंडं नाही. तिथे सगळं मटणच असतं म्हणे. त्यांना न्यावं का? – पुणे

न्या न्या. पण मटणच असतं हे खोटं नाही. पुलाव (ते ओश म्हणतात) मोठ्या कढईत मटणाबरोबरच शिजतो, वरून तुकडे काढून दिले तरी तो शाकाहारी होत नाही, सासूबाईंना ते चालणार नाही हे मी न बघता सांगते. सूपचं पाणी मटणाचं. आणि तिकडे मोशकिचिरी नावाचा पदार्थ आहे, मोश म्हणजे मूग, किचिरी म्हणजे तीच हो, आपली खिचडी! नाव वाचून मी आनंदाने मागवली तर त्यात पण मटण. डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

आता भाषेचा एक सापळा. मी पहिल्याच दिवशी हॉटेलात ऐटीत म्हटलं "सब्झी, सब्झी". पोराने मान डोलावली आणि ताटलीभर किसलेलं गाजर आणून ठेवलं. उझबेकमध्ये सब्झी म्हणजे गाजर. प्याज मात्र पियोझच आहे, अनार म्हणजे अनोर, बाजार म्हणजे बोझोर, आणि समोसा म्हणजे सोमसा. तर सब्झी विसरा आणि हे पाठ करा: "गोश्त योक". गोश्त म्हणजे तेच आणि योक म्हणजे नाही. फक्त एवढ्यावर थांबू नका, कारण गोश्त नको म्हणजे चिकन चालेल असा त्यांचा सरळ समज असतो. तोवुक योक, बालिक योक, तुखुम योक, म्हणजे कोंबडी, मासा, अंडं काही नको. कागदावर लिहून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा.

मग खायचं काय? नान, म्हणजे त्यांच्या भाषेत नोन. समरकंदचं नोन जड, चकचकीत, मधे ठशाने नक्षी टोचलेली असते, दोन-चार दिवस सहज टिकतं, समरकंद स्टेशनवरून निघणाऱ्या लोकांच्या पिशव्यांत तेच दिसतं. भाकरी ताटात उलटी ठेवू नये असं आपली आजी म्हणायची ना, तिथेही नोन उलटं ठेवलेलं चालत नाही, कुणीतरी हळूच येऊन सरळ करून जातं. त्याच्याबरोबर टोमॅटो-कांद्याची अचिचुक नावाची कोशिंबीर, घट्ट दही (सुझमा, आपल्या चक्क्यासारखं, साखर सोबत नेलीत तर श्रीखंड होतं, आम्ही केलंय), लाल भोपळ्याचा सोमसा मिळतो पण त्यात दुंब्याची म्हणजे मेंढीच्या शेपटीची चरबी घालायची पद्धत आहे तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. फळं आणि सुकामेवा मात्र काय सांगू, समरकंदला सियोब बाजारात जा, जर्दाळू, बेदाणे, अक्रोड, आणि सप्टेंबरात टरबूज-खरबूज-द्राक्षं यांचे ढीग.

आणि घरून न्यायचंच. थेपले, मेतकूट, चटणी, इन्स्टंट उपमा-पोहे. जुन्या पद्धतीच्या रात्रीच्या गाड्यांमध्ये डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा मोठा बंब असतो, चोवीस तास उकळतं पाणी, त्यावर उपमा पाच मिनिटांत होतो. आमच्या उपम्याचा वास सुटल्यावर शेजारच्या कुपेतले दोघं डोकावून गेले. एकाला चमचाभर दिला, त्याने त्यात अजून मीठ घातलं.

चहा दुधाचा नाही. कोक चोय म्हणजे ग्रीन टी, छोट्या पियोलोत, आपला पेला-प्याला तोच. तुम्हाला अर्धाच ओतून दिला तर कंजूषपणा समजू नका, पाहुण्याला अर्धा द्यायचा आणि परत परत भरायचा, म्हणजे तुम्ही बसा अजून, असा त्याचा अर्थ. काठोकाठ भरला तर मात्र उठायची वेळ झाली.

प्रश्न : फास्ट ट्रेन की साधी? – डोंबिवली

जाताना फास्ट, आणि बुखारा-समरकंद किंवा समरकंद-ताश्कंद ह्यातला एक टप्पा मुद्दाम शार्कने करा. अफ्रोसियोब म्हणजे विमानच, लोक मोबाईलमध्ये. शार्कमध्ये आम्ही बसलो होतो तिथे समोर एक आजी होत्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, सोन्याचे दात, त्यांनी बसल्या बसल्या पिशवीतून स्वच्छ पंचा काढला, मधल्या टेबलावर पसरला, नोन हाताने तोडून त्याचे तुकडे सगळ्यांच्या पुढे सरकवले, आम्हाला पण. विचारलं नाही काही. मग बोटाने विचारलं कुठले? हिंदुस्तान म्हटल्यावर "राज कपूर" आणि मग "मिथुन", आणि मग बाहेर कापसाची शेतं गेली तेव्हा त्यांनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवून वाकून दाखवलं की हे मी आयुष्यभर वेचलंय. यवतमाळच्या माझ्या मावशीने अगदी अस्संच करून दाखवलं असतं.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा. जुन्या मशिदी बघून कंटाळेल का? – कोल्हापूर

दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळेल, मोठेही कंटाळतात पण बोलत नाहीत. त्याला समरकंदला उलुगबेगच्या वेधशाळेत न्या. उलुगबेग हा तैमूरचा नातू, आजोबांनी मुंडक्यांचे ढीग रचले आणि नातवाने आकाश मोजलं. १४२० च्या दशकात त्याने टेकडीवर गोल इमारत बांधली, तिच्यात चाळीस मीटर त्रिज्येचा कंस, आणि त्यावरून १०१८ ताऱ्यांची यादी केली, दुर्बीण नसताना, ती निघायला अजून दोनेकशे वर्षं होती. १४४९ ला त्याच्याच मुलाने त्याला मारवलं आणि वेधशाळा पाडली गेली, ती विसरलीच, पार १९०८ साली एका रशियन पुरातत्त्ववाल्याला कागदपत्रांवरून जागा सापडली. वरचं सगळं गेलंय पण जमिनीत खणलेला कंसाचा खालचा भाग शाबूत आहे, दारातून वाकून बघायचं, खोल चरात संगमरवराच्या दोन पट्ट्या वळत खाली जातात, त्यावर अंशांच्या खुणा. एखादी रुळांची जोडी पाताळात उतरावी तशी. आणि त्याला सांगा की जयपूरचा जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंगाने ह्याच उलुगबेगचे तक्ते समोर ठेवून काम केलं होतं.

बाकी बुखाऱ्यात कल्याण मिनार आहे, ११२७ चा, ४६-४७ मीटर उंच, सगळा विटांचा, आणि प्रत्येक पट्ट्याची नक्षी वेगळी. ११ वर्षांच्या मुलाला सांगायचं, दोन पट्टे एकसारखे शोधून दाखव. आमचा भाचा पाऊण तास शोधत होता, आम्ही तेवढ्यात चहा घेतला.

प्रश्न : इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. (१) बुखाऱ्याचं स्टेशन गावापासून लांब का? (२) ताश्कंदला शास्त्रीजींचं काही आहे का? – सातारा

सर, तुमच्या प्रश्नावर मी आधी येणार होते.

स्टेशन कागान नावाच्या गावात आहे, बुखाऱ्याच्या जुन्या भागापासून १२-१५ किमी, टॅक्सीने अर्धा तास धरा (तिकिटावर बुखारा-१ लिहिलेलं असतं ते हेच). रशियनांनी १८८० च्या दशकात कास्पियन समुद्राकडून रूळ टाकत आणले, १८८८ ला समरकंदला गाडी पोचली, तेव्हा बुखाऱ्यात अमीराचं राज्य होतं आणि त्याला ते धूड आपल्या पवित्र शहराजवळ नको होतं. लोक गाडीला शैतान-अरबा म्हणायचे, सैतानाचा गाडा. म्हणून स्टेशन लांब. आपण सव्वाशे वर्षांनंतर त्या अमीराच्या हट्टाचं टॅक्सीभाडं भरतो! स्टेशनाबाहेरचे टॅक्सीवाले वाट्टेल ते सांगतात, यांडेक्स नावाच्या अ‍ॅपवरून टॅक्सी बोलवा.

त्याच बुखाऱ्यात तुम्हाला आवडेल असं अजून. जुने बाजार घुमटांखाली भरतात आणि त्यांची नावं वाचा: तोकी झरगरोन म्हणजे सोनारांचा, आणि तोकी सर्राफोन म्हणजे, ओळखलंत, सराफांचा, पैसे बदलून देणाऱ्यांचा. तिथे हिंदुस्तानी, मुलतानी व्यापारी सुद्धा बसायचे. आपल्या सराफकट्ट्यातला सराफ हजारो मैल लांब एका घुमटावर लिहिलेला बघून मी तिथे उगाचच दहा मिनिटं उभी होते. लबी-हौज मधला हौजही आपलाच, लबी म्हणजे काठ. पूर्वी गावात असे पुष्कळ हौद होते आणि त्याच पाण्यातून लोकांना नारू व्हायचा. हो, आपल्या पायविहिरींचा तोच नारू. न्हावी लोक काडीवर गुंडाळून तो दोरा बाहेर काढायचे. सोव्हिएत काळात हौद बुजवले, उपसले, आणि १९३० च्या सुमारास तिथला नारू संपला. आपल्याकडे संपूर्ण भारत नारूमुक्त जाहीर व्हायला २००० साल उजाडलं.

शास्त्रीजींचं आहे, ताश्कंदला त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि अर्धपुतळा आहे, यांडेक्सवाल्याला नाव दाखवलं की नेतो. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करारावर सह्या झाल्या आणि ११ ला पहाटे ते गेले. तुम्हाला सांगायला नको पण बाकीच्यांसाठी लिहिते, त्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण होते. म्हणजे सातारा जिल्ह्यातला माणूस त्या रात्री त्या शहरात होता. आम्ही गेलो तेव्हा पुतळ्यापुढे कुणीतरी ताजी फुलं ठेवलेली होती.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १९६६ ला, ताश्कंदला भूकंप होऊन जुनं शहर बरंचसं पडलं, म्हणून आजचं ताश्कंद रुंद रस्त्यांचं सोव्हिएत वाटतं. तेव्हा तिथे जुनं शोधत फिरू नका, चोर्सू बाजाराचा निळा घुमट बघा आणि मेट्रोत बसा. १९७७ ची मेट्रो, मध्य आशियातली पहिली, स्टेशनं एकेक राजवाड्यासारखी, कोस्मोनावतलार स्टेशनवर निळ्या भिंतींवर अंतराळवीर. आधी फोटोला बंदी होती, २०१८ पासून चालतं.

प्रश्न : एकटी बाई, वय ३४. सेफ आहे का, आणि पैसे, व्हिसा वगैरे? – नागपूर

मी एकटी नव्हते गेले, पण दोन्ही वेळा एकट्या फिरणाऱ्या मुली भरपूर भेटल्या, त्यातली एक तर आपली औरंगाबादची निघाली. रात्री लबी-हौजच्या आसपास दहा-साडेदहापर्यंत बायका-पोरं असतात. रात्रीच्या गाडीत प्लात्सकार्त म्हणजे आपला स्लीपर, उघडा डबा, कुपे म्हणजे चार जणांची बंद खोली. एकटी असशील तर मला विचारशील तर उघडा डबा बरा, तीन अनोळखी माणसांबरोबर दार बंद करून झोपण्यापेक्षा पन्नास जणांच्या डब्यात कुणीतरी आजी असतेच. शाह-ए-झिंदाला डोक्यावर ओढणी घे.

व्हिसा ऑनलाईन ई-व्हिसा, भारतीयांना लागतो, सरकारी साईटवरून एकवेळचा २० डॉलर, थोडे दिवस आधी काढ. डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत ने, घडी पडलेली नोट बघून तोंड वाकडं करतात. पैसा सोम, एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास, त्यामुळे पहिल्या दिवशी आपण लक्षाधीश होतो आणि चहाचं बिल बघून छातीत धस्स होतं, हिशोबाला लाखभर सोम म्हणजे सात-साडेसातशे रुपये एवढं डोक्यात ठेव. हॉटेलवाले राहिल्याची नोंद करून चिठ्ठी देतात, दिली की पासपोर्टातच ठेव, टाकून देऊ नकोस. जुलैत जाऊ नकोस, चाळीसच्या वर जातं, नागपूरकर म्हणून तू हसशील पण तिथे सावलीच नाही, सगळे मोठमोठे चौक.

आणि घड्याळ अर्धाच तास मागे करायचं. माझा फोन आपोआप झाला, मिस्टरांचं मनगटी घड्याळ तसंच राहिलं, त्यामुळे आम्ही आठही दिवस प्रत्येक गाडीला अर्धा तास लवकर पोचलो आणि ते मला शेवटपर्यंत सांगत होते की बघ, माझ्यामुळे.